कागद उतरल्यानंतर : प्रस्तावना

भिंतीला डकविलेला नक्षीचा कागद एकदाचा खाली आला, त्याच्या भेंडोळ्या जिन्याखाली जाऊन पडल्या आणि जमिनीवरचे कपटे केरसुणीने गोळा झाले, म्हणजे घरधन्याच्या लेखी ते प्रकरण दप्तरदाखल होते. आणि ज्या रंगाऱ्याने ठोक मक्त्याने हे काम अंगावर घेतलेले असते, त्याचीही सोय ते तसे होण्यातच असते. वास्तविक कामाचा अवघड भाग त्यानंतरच सुरू व्हावयाचा असतो. कागदाला वर्षानुवर्षे धरून ठेवणारी खळ, सरस किंवा तत्सम एखादा चिकट पदार्थ भिंतीवर जसाच्या तसा राहिलेला असतो. तो वाळलेला असताना डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवत नाही, आणि म्हणूनच कोणाच्याही हिशेबात येत नाही. त्यावर नवा रंग चढविला की रंगातील पाण्याने ती खळ पुन्हा ओली होते, फुगते, आणि वाळताना आकसून वरचा पापुद्रा आपल्याबरोबर ओढून घेते. मग काही दिवसांतच भिंतीवर बारीक भेगांचे जाळे उमटते, कोपऱ्यांतून पोपडे सुटू लागतात, आणि घरधनी रंगाच्या प्रतीला, रंगारी हवेला व शेजारी वरच्या मजल्यावरील गळतीला दोष देत राहतात. या पुस्तिकेचा विषय आहे तो या सगळ्या जाबजबाबांत जिचे नावही निघत नाही ती खळ.

भिंतींना कागद लावण्याची चाल आपल्याकडची नव्हे. दिवाळीपूर्वी भिंतींवरून चुन्याचा हात फिरवावा ही आपली जुनी वहिवाट. आणि ओल, वाळवी व कसर यांचा जेथे अंमल, तेथे गव्हाच्या पिठाने चिकटविलेला कागद भिंतीवर ठेवणे म्हणजे त्यांना घरी जेवावयास बोलावणे, हे आपल्या पूर्वजांना कोणी सांगावयास नको होते. या कागदाची खरी भरभराट झाली ती युरोपातील थंड देशांत, आणि विशेषतः इंग्लंडात. तेथे राणी ॲनच्या अमदानीत, १७१२ साली, छापील व रंगीत कागदावर कर बसला. तो चुकविण्यासाठी साधा कागद भिंतीला लावून त्यावर मागाहून हाताने नक्षी उठविण्याची युक्ती लोकांनी काढली, आणि सरकार व रयत यांच्यातील हा लपंडाव १८३६ साली कर रद्द होईपर्यंत चालला. पुढे तीनच वर्षांनी लँकेशायरमधील डार्वेन येथील पॉटर नावाच्या कारखानदारांनी रुळांनी छपाई करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि जो कागद तोवर सधनांच्या दिवाणखान्याचे भूषण होता तो यथाकाल गिरणीकामगारांच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत जाऊन पोहोचला. कागद स्वस्त झाला. जुना कागद काढण्याची मजुरी मात्र स्वस्त झाली नाही. याचा स्वाभाविक परिणाम असा झाला की कूळ बदलले, की मालक जुन्या कागदावरच नवा कागद डकवून मोकळा होऊ लागला. अशा घरांच्या भिंतींवर आज एकाखाली एक असे अनेक थर सापडतात, आणि प्रत्येक थराबरोबर त्या त्या काळची खळ. गेल्या काही दशकांत लंडन किंवा लेस्टरमधील व्हिक्टोरियन काळच्या रांगघरांत राहावयास गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी सुटीच्या दिवशी हौसेने भिंत खरवडावयास घेतली असेल, त्यांना या इतिहासाचा साक्षात्कार नखांच्या मुळाशी झालेला असणार.

या इतिहासात एक विषारी प्रकरण आहे, आणि खळीच्या अभ्यासकाने ते टाळू नये. स्वीडनचा रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७७५ च्या सुमारास तांबे आणि आर्सेनिक यांच्या संयोगातून एक हिरवा रंग सिद्ध केला. १८१४ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून तेजस्वी असा दुसरा हिरवा निघाला. आणि एकोणिसाव्या शतकातील कित्येक घरांच्या भिंती या दोन हिरव्यांनी नटल्या. मिशिगनमधील डॉ. रॉबर्ट केड्झी यांनी १८७४ मध्ये अशा विषारी कागदांचे ८६ नमुने बांधून त्यांचे एक पुस्तकच तयार केले आणि त्याच्या शंभर प्रती त्या राज्यातील ग्रंथालयांकडे पाठविल्या. लोकांना सावध करण्यासाठी काढलेला तो ग्रंथ स्वतःच इतका घातक, की बहुतेक प्रती पुढे नष्ट कराव्या लागल्या. परंतु कोरड्या, खडखडीत खोलीपेक्षा ओलसर खोलीतील माणसे अधिक आजारी का पडत, हा प्रश्न उरलाच होता. १८९० नंतरच्या दशकात बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन वैद्याने त्याचा छडा लावला. कागदामागील खळीवर आणि सरसावर बुरशी पोसते, आणि ती बुरशी रंगातील आर्सेनिकाचे लसणासारख्या वासाच्या वायूत रूपांतर करते, असे त्याने दाखवून दिले. तो वायू म्हणजे ट्रायमिथाइल आर्सीन होय, याचा निर्णय पुढे लीड्स येथील फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९३० नंतरच्या दशकात केला. अलीकडील काही शास्त्रज्ञांनी हा वायू पूर्वी मानला गेला तितका प्राणघातक असल्याविषयी शंका घेतली आहे, आणि ती शंका विचारात घेण्याजोगी आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच: भिंतीवर खळ असेल, तर बुरशीचा शिधा भरलेला असतो. म्हणूनच फार जुन्या घरात, विशेषतः हिरव्या रंगाचा अंश दिसला तर, कोरडी भिंत पॉलिशपेपरने घासून धूळ उडविण्याचा अविचार कोणी करू नये. आर्सेनिक नसले तरी खालच्या जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतोच. ओल्याने काम करावे, आणि संशय आला तर थांबून तज्ज्ञाकडून तपासणी करवून घ्यावी.

आता या खळीचे स्वरूप. गव्हाचे पीठ पाण्यात कालवून विस्तवावर ठेवले, की साधारण साठ अंश सेल्सियसच्या आसपास त्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगू लागतात आणि मिश्रण दाट व चिकट बनते. पुस्तकबांधणी करणाऱ्यांकडे हीच खळ, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, आपण पाहिलेली आहे. पिष्ट आणि कागदाचे सेल्युलोज या दोहोंचे रेणू ग्लुकोजच्याच घटकांच्या लांब साखळ्यांचे बनलेले असल्यामुळे त्यांची सोयरीक सहज जुळते. खळ वाळत जाते तशा तिच्या साखळ्या एकमेकींजवळ सरकून घट्ट बसतात, आणि वय वाढेल तसतशी ती पाण्याला अधिकाधिक दाद देईनाशी होते. साध्या कोमट पाण्याने नवी खळ सुटते, पन्नास वर्षांची सुटत नाही, यातील रहस्य ते हेच. अशा हट्टी खळीवरचा उपाय एका फ्रेंच रसायनज्ञाच्या हाती लागला, आणि तो भिंतींचा विचार करताना मुळीच लागला नाही. साखरेच्या कारखान्याची व्यवस्था पाहिलेला आन्सेल्म पायेन याने पर्सो या सहकाऱ्यासह १८३३ साली मोड आलेल्या जवाच्या अर्कातून असा एक पदार्थ वेगळा काढला, की तो पिष्टाच्या साखळ्यांचे तुकडे करून त्यांची विद्राव्य शर्करा बनवी. त्याला त्यांनी डायास्टेज म्हटले. अलग करता आलेले हे पहिले विकर, म्हणजे एन्झाइम होय. पाचच वर्षांनी याच पायेनने वनस्पतींच्या पेशीभित्तींतील सेल्युलोजचे स्वरूपही जगापुढे मांडले. कागद ज्याचा बनतो आणि त्याची खळ ज्याने विरघळते, त्या दोन्ही पदार्थांचा हिशेब एकाच माणसाच्या खतावणीत असावा, हा योगायोग मला फार रम्य वाटतो. नाचणीला मोड आणून केलेली पेज मोड न आणलेल्या नाचणीच्या पेजेहून पातळ होते ती याच विकराच्या कर्तृत्वाने. आणि भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो तो लाळेतील त्याच्याच भावंडामुळे. युरोपातील चित्रसंरक्षक जुन्या चित्रांवरील मळ काढण्यासाठी कापसाच्या बोळ्याला स्वतःची लाळ लावतात हे ऐकून आपल्याकडील शुचिर्भूत मंडळींना कसेसे होईल. परंतु ती रीत मान्यताप्राप्त आहे.

बाजारात खळ काढण्याची जी विकरयुक्त भुकटी मिळते तिचे तत्त्व हेच. ती वापरताना मात्र रंगारी हमखास एक घोटाळा करतात: अधिक गरम ते अधिक गुणकारी या समजुतीने ते ती उकळत्या पाण्यात टाकतात. विकर हे प्रथिन असल्यामुळे बहुधा त्या आधणातच निकामी होते, आणि भिंतीवर जाते ते नुसते महागडे गरम पाणी. कोमट पाण्यात कालवून, भिंतीवर मुबलक लावून, पंधरा-वीस मिनिटे काहीही न करता बसणे हाच त्याचा विधी. या कामात न करण्याचीच मजुरी खरी द्यावयास हवी, आणि ती द्यावयास कोणी राजी नसतो. शिवाय भिंतीवर खळीऐवजी सरस असेल, तर पिष्टभंजक विकर तेथे निरुपयोगी; सरस हे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेले प्रथिन असल्यामुळे त्याला ऊन पाणी आणि धीर एवढेच पुरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सरळ हिशेबात दोन नवे इसम शिरले. पहिला म्हणजे मिथाइल सेल्युलोज, ज्याची पांढरी भुकटी पाण्यात कालवली की न शिजविता खळ तयार होते. त्याचा स्वभाव सर्वसाधारण अनुभवाच्या नेमका उलट आहे: थंड पाण्यात तो विरघळतो, आणि पाणी फार तापले की गोठून बसतो. अशा भिंतीवर वाफेचे यंत्र चालवून थकलेला कारागीर दुपारच्या चहाला उठतो, आणि परत येऊन पाहतो तो भिंत निवल्यावर खळ आपोआप बुळबुळीत झालेली. दुसरा इसम म्हणजे पीव्हीएच्या जातीचा पांढरा कृत्रिम गोंद. आपल्या शहरांत वॉलपेपर लावणारे पुष्कळ कारागीर खळीच्या भुकटीत तो सढळ हाताने मिसळतात, कारण मुंबईसारख्या, वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात नुसत्या खळीवर त्यांचा भरवसा नसतो. हा गोंद पाण्याने पांढरा आणि रबरासारखा होतो, पण विरघळत नाही. उष्णतेने मऊ करून पत्र्याने सोलावा लागतो, आणि जेथे सुटणारच नाही तेथे पाण्याला न जुमानणाऱ्या प्रायमरखाली त्याला कायमचा बंद करणे एवढीच तजवीज उरते. याच सुमारास कागदही बदलला. विनाइलचा लेप आला आणि भिंत ओल्या फडक्याने पुसता येऊ लागली. त्यापूर्वी कोळशाच्या धुराने काळवंडलेला कागद धुण्याची सोय नव्हती, कारण पाणी लागताच खालची खळ सुटे. म्हणून अमेरिकेत पीठ, मीठ व पाणी यांच्या गोळ्याने तो कोरडाच घासून स्वच्छ करीत. विनाइल आल्यावर आणि कोळशाच्या शेगड्या गेल्यावर सिनसिनाटीच्या एका कारखान्याचा हा गोळा पडून राहू लागला, तेव्हा त्याला रंग व सुवास देऊन १९५६ साली लहान मुलांचे खेळणे म्हणून त्याची विक्री सुरू झाली. आज घरोघरी मुले ज्याचे हत्ती-घोडे करतात ते ‘प्ले-डो’ ते हेच.

भिंतीवर या चिकट इसमांपैकी कोण बसला आहे हे न पाहता तिला हात घालणे, ही या कामातील सर्व नुकसानीची जननी होय. पाहणे कठीण नाही. अंधाऱ्या खोलीत विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिचा झोत आडवा सोडला, की समोरच्या उजेडात सपाट दिसणाऱ्या भिंतीवर खळीचे फटकारे ब्रशच्या खुणांसह उभे राहतात. ओला तळवा फिरवून बुळबुळ लागली, तर खळ आहेच. टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब पाण्यात टाकून त्याचा बोळा लावला आणि डाग निळा-काळा झाला, तर ती पिष्टाची; रंग बदलला नाही, तर पुढचा तपास सरसाकडे किंवा कृत्रिम गोंदाकडे न्यावा. पण खळीइतकीच चौकशी भिंतीचीही व्हावयास हवी, आणि येथे आपल्या लोकांची विशेष गफलत होते. परदेशी पुस्तकांत वाचून कोणी भिंतीला व्हिनेगर चोपडतो. जुन्या वाड्याच्या किंवा चाळीच्या चुन्याच्या गिलाव्याला ते आम्ल खाते, आणि खळीबरोबर भिंतीचा तुकतुकीत पृष्ठभागही जातो. नव्या फ्लॅटांत पीओपीचा हात असेल, तर बादलीभर पाणी ओतल्यास तोच मऊ पडून पत्र्याला लागतो. अमेरिकेत कागदाच्या अस्तराचे जिप्समचे तक्ते भिंती म्हणून उभे केलेले असतात. तेथे पाणी मुरले की अस्तरच सुटते, आणि कोणता कागद काढावयाचा होता याचाही विसर पडतो. ज्या भिंतीला पाणी सोसत नाही, तिला ते थोडे द्यावे, वारंवार द्यावे आणि लगेच टिपून घ्यावे. पत्रा धारदार करण्यापेक्षा पाण्याला अवधी देणे केव्हाही स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच अज्ञानाचे एक भव्य उदाहरण आपल्याच मुलखात आहे. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात असताना, गुलाम याझदानी हे त्या संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते त्या काळात, १९२० ते १९२२ या वर्षांत लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण करून भित्तिचित्रांची डागडुजी करविण्यात आली. सुटू लागलेला गिलावा त्यांनी मोठ्या कौशल्याने पुन्हा बसविला, यात वाद नाही. पण चित्रांवर त्यांनी लाखेच्या रोगणाचाही हात दिला. कालांतराने ते रोगण पिवळे-तपकिरी पडले, रंगांवर मळकट झाक चढली, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व विभागाच्या रसायनज्ञांना तेच रोगण हळूहळू काढीत बसावे लागले. येथे पाण्याचा तर विचारही करता येत नव्हता. कारण गिलावा मातीचा, आणि रंग बांधलेले असतात तेही गोंद-सरसाच्या जातीच्या, पाण्याला हळव्या अशा द्रव्याने. काढावयाचे ते पाण्याने निघत नाही आणि राखावयाचे ते पाण्याने जाते, अशी ती कोंडी. म्हणून सेंद्रिय द्रावकांत भिजविलेल्या बोळ्यांनी, तसू-तसू जागा घेत, ते काम करावे लागले. फ्लॅटच्या भिंतीला ही पराकाष्ठा नको. परंतु काय जावे आणि काय राहावे याचा तपशील आधी ठरवून मगच ओलावा कशाचा द्यावयाचा ते ठरवावे, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. हे उदाहरण मी येथे घेतले याचे आणखी एक कारण असे, की पुढे कोणीतरी काढावयास बसणार आहे याचे भान ठेवून लावणारे कारागीर त्या काळीही दुर्मिळ होते आणि आजही आहेत. वॉलपेपरच्या खळीत गोंदाची बाटली रिकामी करणाऱ्यांना हे सांगून उपयोग होईल, अशी माझी फारशी आशा नाही.

काढलेला कागद फेकण्यापूर्वी एकदा उलटून पाहावा, अशीही माझी शिफारस आहे. इंग्लंडातील छापील भिंतकागदाचा सर्वांत जुना म्हणून जो नमुना प्रसिद्ध आहे, तो केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजमधील तुळयांवर १९११ साली दुरुस्तीच्या वेळी सापडला. नक्षी डाळिंबासारख्या फळाची. आणि पाठीमागच्या बाजूस आठव्या हेन्रीच्या राज्यारोहणप्रसंगीचे, म्हणजे १५०९ सालचे, राजाचे फर्मान. रद्दीत गेलेल्या सरकारी कागदाच्या कोऱ्या बाजूवर छापणाऱ्याने नक्षी उठविली होती, म्हणूनच तर तिचा काळ ठरला. आपल्या फ्लॅटच्या भिंतीखाली फर्मान निघण्याचा संभव नाही, हे मी जाणून आहे. तरीही जुन्या घरात कपाटामागे किंवा स्विचबोर्डाच्या कडेला वीतभर तुकडा सर्व थरांसह तसाच राहू द्यावा. पुढे भिंतीचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्याला तेवढा दस्तऐवज पुरतो.

या पुस्तिकेत वाफेच्या यंत्रांची माहिती थोडक्यात आटोपली आहे, कारण ती यंत्रे भाड्याने सर्वत्र मिळत नाहीत, आणि मिळाली तरी आपल्याकडील पुट्टीच्या पातळ थराला ती मानवत नाहीत. घरगुती मिश्रणांचा परामर्श मात्र सविस्तर घेतला आहे. कपडे मऊ करण्याचे औषध, धुण्याचा सोडा, भांड्यांचा साबण, यांतले काय लागते, काय बाधते आणि काय नंतर भिंतीवर आपलाच चिकट अंश ठेवून जाते, हे प्रत्येकाबाबत स्वतंत्रपणे तपासले आहे. काम आश्विनानंतर काढावे. पावसाळ्यात भिंत आधीच ओली असते, खळ सुटते पण वाळत काहीच नाही, आणि वाळण्यापूर्वी प्रायमर मारला तर केलेले सगळे पुन्हा करावे लागते. घाई असलेल्या वाचकाने खळ ओळखण्याचे प्रकरण आधी वाचावे व बाकीची सवडीने चाळावीत, यास माझी हरकत नाही. फक्त पाण्याचा पहिला हात फिरविण्यापूर्वी त्या खोलीचा मेन स्विच बंद करावा, आणि बोर्डांची झाकणे चिकटपट्टीने झाकून घ्यावीत. या सूचनेसाठी निराळे प्रकरण काढलेले नाही, म्हणून ती येथेच नोंदवून ठेवतो.